बॉनेटखालचा अग्नि

स्पोर्ट्स मोटार रस्त्यानें जाऊं लागली म्हणजे पाहणाऱ्याची दृष्टि तिच्या रंगाकडे, तिच्या ठेंगण्या बांध्याकडे आणि तिच्या वेगाकडे जाते. तिच्या बॉनेटखालीं काय चाललें आहे, हा विचार बहुधा कोणाच्या मनांत येत नाहीं. तेथें एक भट्टी पेटलेली असते. घरांतील गृहिणी चूल पेटविते, तेव्हां ती चुलीला लागून तेलाची बुधली ठेवीत नाहीं, वर धुराड्याची सोय करते, आणि सरपण आंचेपासून दूर रचते. मोटार रचणाऱ्या इंजिनियरला हें सुख लाभत नाहीं. एका मोठ्या पेटाऱ्याएवढ्या जागेंत त्याला चूल, पेट्रोल, तेल, रबर आणि विजेच्या तारा हीं सर्व एकत्र नांदवावीं लागतात. आणि मोटार जितकी वेगवान व ठेंगणी, तितकी ही जागा अधिक आंखूड. हा विलक्षण संसार तो कसा सांभाळतो, आणि तो सांभाळतां आला नाहीं तर काय अनर्थ ओढवतो, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम या उष्णतेचें मान केवढें असतें तें पाहिलें पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनांत जें इंधन जळतें, त्यांतील शक्तीचे ढोबळ मानानें तीन वांटे होतात. एक वांटा चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. दुसरा वांटा पाणी, तेल व इंजिनाचें अंग यांच्या वाटे हवेंत जातो. तिसरा वांटा जळलेल्या वायूबरोबर एक्झॉस्टच्या नळींतून बाहेर पडतो. म्हणजे २०० अश्वशक्तीचें इंजिन पूर्ण जोरानें चाललें असतां जवळजवळ तितकीच शक्ति उष्णतेच्या रूपानें त्या नळींतून वाहत असते. घरगुती भाषेंत सांगावयाचें तर, एक किलोवॉटच्या सुमारें १५० विजेच्या शेगड्या एकाच वेळीं पेटविल्यासारखें हें होय. यांतील पुष्कळसा भाग नळीच्या शेवटच्या तोंडांतून मोकळ्या हवेंत निघून जातो हें खरें. परंतु वाटेंत नळीच्या भिंतींतून जो भाग झिरपतो, तोच बॉनेटखालच्या मंडळींना जाचतो.

इंजिनावर पूर्ण भार असतांना बाहेर पडणारा वायु ८०० ते ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापतो. इंजिनाच्या निरनिराळ्या सिलिंडरांतून येणारा वायु जेथें एकत्र होतो, त्या मॅनिफोल्ड नांवाच्या भागाचें लोखंड रात्रीच्या वेळीं मंद तांबडें दिसूं लागतें. आतां त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहावें. पेट्रोलांतील हलके घटक ३५ ते ४० अंशांवरच उकळूं लागतात. साधें रबर १०० ते १२० अंशांच्या पुढें फार काळ टिकत नाहीं. तें कडक होतें, त्याला भेगा पडतात. ब्रेकच्या नळ्यांत जें तेल असतें, त्यापैकीं ‘डॉट ४’ जातीचें नवें तेल २३० अंशांच्या आंत उकळतां कामा नये असा नियम आहे. परंतु हें तेल हवेंतील ओल शोषून घेतें, आणि ओल शिरल्यावर ती मर्यादा १५५ अंशांपर्यंत खालीं येते. ब्रेकमधील तेल उकळलें म्हणजे त्यांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि चालकानें पाय दाबला तरी दाब चाकांपर्यंत पोंचत नाहीं. म्हणजे बॉनेटखालच्या उष्णतेचा प्रश्न केवळ यंत्राच्या आयुष्याचा नसून मनुष्याच्या जिवाचा आहे.

शत्रूस जिंकावयाचें तर त्याच्या येण्याच्या वाटा माहीत असाव्या लागतात. उष्णतेच्या वाटा तीन आहेत. पहिली वहनाची : तापलेल्या तव्याची दांडी हातास लागते, ती या वाटेनें. दुसरी अभिसरणाची : तापलेली हवा वर जाते आणि आपल्याबरोबर उष्णता नेते. तिसरी प्रारणाची : शेकोटीपुढें बसलेल्या मनुष्याचें तोंड भाजतें आणि पाठ थंडच राहते, तें या वाटेमुळें. या तिसऱ्या वाटेस मध्यें धातु लागत नाहीं कीं हवा लागत नाहीं. ती प्रकाशाप्रमाणें सरळ रेषेंत धांवते.

या प्रारणाविषयीं दोन शोध इंजिनियरच्या फार उपयोगी पडतात. स्कॉटलंडमधील शास्त्रज्ञ जॉन लेस्ली यांनीं १८०४ सालीं गरम पाण्यानें भरलेलें एक चौकोनी धातूचें भांडें घेतलें, आणि त्याची एक बाजू काळी केली व दुसरी घांसून लखलखीत ठेवली. आंतील पाणी एकच, त्याचा ताप एकच. तरी काळी बाजू पुष्कळ उष्णता बाहेर फेंकीत होती आणि चकचकीत बाजू फारच थोडी. जी बाजू उष्णता फेंकण्यांत कृपण, तीच उष्णता घेण्यांतहि कृपण असते, म्हणजे अंगावर आलेली उष्णता ती परतवून लावते. घांसलेलें अॅल्युमिनियम आपल्यावर पडलेल्या उष्णतेपैकीं सुमारें ९५ टक्के परत धाडतें. गंजलेल्या लोखंडाचें वर्तन याच्या अगदीं उलट.

दुसरा शोध ऑस्ट्रियांतील जोसेफ स्टेफान यांचा, १८७९ सालचा. त्यांचे शिष्य लुडविग बोल्ट्झमान यांनीं १८८४ सालीं त्याला गणिताचा आधार दिला. हा नियम सांगतो कीं, उणें २७३ अंश हें शून्य धरून ताप मोजला, तर प्रारण त्या तापाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत वाढतें. याचा व्यावहारिक अर्थ असा : ६०० अंशांवर तापलेला काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरला सुमारें ३३ किलोवॉट उष्णता फेंकतो, तोच ३०० अंशांवर आणला तर ती सहा किलोवॉटच्या आसपास येते. सेंटिग्रेडचा आंकडा निम्मा केला, पण त्रास निम्मा न होतां पंचमांशाहूनहि कमी झाला. नळीच्या बाहेरच्या अंगाचा ताप थोडाबहुत उतरविण्यासाठीं इंजिनियर इतकी खटपट कां करितात, याचें उत्तर या एका नियमांत आहे.

जुन्या काळच्या मोटारींत या प्रश्नाचें उत्तर सरळ होतें. आग घराबाहेर काढावयाची. जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझ कारखान्यानें १९२८ सालीं काढलेल्या ‘एस्. एस्. के.’ या प्रसिद्ध मोटारीच्या बॉनेटच्या कुशींतून तीन चकचकीत जाड नळ्या बाहेर पडलेल्या दिसतात. पाहणाऱ्यास तें भूषण वाटतें, परंतु त्या नळ्या बॉनेटखालची आग बाहेर नेण्याचेंहि काम करितात. इंग्लंडांत १९५७ सालीं निघालेल्या ‘लोटस सेव्हन’ मोटारीची नळीहि अंगाच्या बाजूनें उघडीच जाते. या युक्तींत दोष एवढाच कीं, आंतील तेल वांचलें तरी उतरणाऱ्या मनुष्याची पोटरी भाजण्याचा संभव राहतो.

पुढें मोटारी सुबक झाल्या, नळ्या झांकल्या गेल्या, आणि प्रश्न आंत कोंडला गेला. इंग्लंडांतील अॅबिंग्डन येथें १९६२ ते १९८० पर्यंत तयार झालेल्या एम्. जी. बी. मोटारीचें उदाहरण या बाबतींत बोधप्रद आहे. ही मोटार पांच लाखांहून अधिक संख्येनें बनली, आणि तिचे चाहते आजहि अनेक देशांत आहेत. तिच्या इंजिनांत पेट्रोल-मिश्रित हवा आंत घेण्याचीं दारें आणि जळलेला वायु बाहेर टाकण्याचीं दारें एकाच बाजूस आहेत. त्यामुळें पेट्रोलची वाटी जिच्यांत असते ती कार्ब्युरेटरांची जोडी नेमकी तापलेल्या मॅनिफोल्डच्या वर बसते. चुलीच्या वर शिंक्यांत लोणी टांगावें तसा हा प्रकार. कारखान्यानें दोहोंच्या मध्यें पत्र्याचा एक पडदा ठेवला आहे. त्या पडद्यावरच सर्व भिस्त.

समजा, एखादा गृहस्थ उन्हाळ्याच्या दुपारीं अशी मोटार तासभर वेगानें चालवून पेट्रोल घेण्यासाठीं थांबला. मोटार चालत असतांना समोरून येणारा वारा आणि नळ्यांतून वाहणारें ताजें पेट्रोल यांनीं सर्व कांहीं थंड ठेवलें होतें. आतां इंजिन बंद झालें. वारा थांबला, पंखा थांबला, पाण्याचें फिरणें थांबलें, पेट्रोलहि जागच्या जागीं राहिलें. थांबला नाहीं तो फक्त लोखंडांत सांठलेला ताप. पुढील दहा-पंधरा मिनिटें बॉनेटखालची हवा कमी होण्याऐवजीं अधिकच तापत जाते. अनेकांस हें चमत्कारिक वाटतें, पण विस्तवावरून उतरविलेलें जाड बुडाचें पातेलें कांहीं वेळ रटरटत राहतें, त्यांतलाच हा प्रकार आहे. कार्ब्युरेटरच्या वाटींतील पेट्रोल उकळूं लागतें. गृहस्थ परत येऊन किल्ली फिरवितो. इंजिन नुसतें घरघरतें, चालूं होत नाहीं. तो बॅटरीला दोष देतो, ठिणगी पाडणाऱ्या प्लगला दोष देतो, दोनचार भाग उघडून पाहतो. अर्ध्या तासानें मोटार आपोआप चालूं होते, आणि आपण उघडलेल्या भागांपैकींच एकांत दोष होता अशी त्याची समजूत होते. पुढच्या उन्हाळ्यांत तोच खेळ पुन्हां. हेंच जर रहदारीच्या चौकांत घडलें, तर त्याची गंमत राहत नाहीं.

याउलट १९६१ सालीं जिनीव्हाच्या प्रदर्शनांत पुढें आलेल्या जॅग्वार कारखान्याच्या ‘ई-टाइप’ मोटारीच्या इंजिनांत पेट्रोल एका बाजूनें आंत जातें आणि धूर दुसऱ्या बाजूनें बाहेर पडतो. पाणवठा एकीकडे आणि उकिरडा दुसरीकडे, अशी ही सुज्ञ गांवरचना आहे. शिवाय तिच्या लांबलचक बॉनेटवर खिडकीच्या झडपांसारख्या फटी पाडल्या आहेत. त्यांतून तापलेली हवा वर निसटून जाते.

या उदाहरणांवरून उष्णतेवरील उपायांचे चार वर्ग पडतात : तिला नळींतच कोंडून ठेवणें, तिच्यापुढें पडदा धरणें, तिला वाऱ्याबरोबर घालवून देणें, आणि नाजूक वस्तु तिच्यापासून दूर नेणें. प्रत्येकाचा गुण आहे आणि प्रत्येकाचा दोषहि आहे.

पहिला उपाय नळीला उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याचा. पूर्वीं ही पट्टी अॅस्बेस्टॉसची असे. त्याचे सूक्ष्म तंतु श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन प्राणघातक रोग उत्पन्न करितात हें सिद्ध झाल्यावर अनेक देशांनीं तें वर्ज्य केलें. ब्रिटननें १९९९ सालीं त्यावर पूर्ण बंदी घातली. म्हणून जुन्या मोटारीवरील करडी, भुसभुशीत पट्टी हातानें ओरबाडून काढणें हें साहस कोणीं करूं नये. आतांच्या पट्ट्या कांचेच्या किंवा बेसॉल्ट दगडाच्या तंतूंच्या असतात. त्यांनीं बाहेरचा ताप चांगलाच उतरतो. परंतु आंतील धातु पूर्वींपेक्षां अधिक तापतो, आणि पट्टी पावसाची ओल धरून ठेवते. त्यामुळें साध्या पोलादाची नळी आंतल्या आंत गंजून जाते, आणि पट्टीच्या पांघरुणामुळें तें कोणास दिसतहि नाहीं. याहून मोठा धोका निराळाच. इंजिनांतून गळणारें तेल त्या पट्टींत मुरलें, तर ती पट्टी राहत नाहीं, दिव्याची वात होते. पेट घेण्यास मग उशीर लागत नाहीं. याकरितां ज्या इंजिनाला गळती आहे, त्याची गळती प्रथम बंद करावी आणि मगच पट्टीचा विचार करावा. नळीवर चिनी मातीच्या जातीचा पातळ लेप भट्टींत बसवून घेणें हा अधिक खर्चाचा, पण ओल व तेल न धरणारा मार्ग आहे. दुहेरी भिंतीची नळी करून मध्यें हवेची पोकळी ठेवणें हाहि त्याच जातीचा उपाय.

दुसरा उपाय पडद्याचा. नळी आणि तिचा शेजारी यांच्यामध्यें चकचकीत पत्रा धरला म्हणजे प्रारणाची सरळ वाट अडते. येथें पुष्कळ हौशी लोक एक चूक करितात. पत्रा थेट नळीला किंवा थेट रबराला चिकटवून टाकतात. तसें केल्यानें प्रारणाचें दार बंद होऊन वहनाचें दार सताड उघडतें. पडद्याच्या दोन्ही बाजूंस बोटभर तरी हवा खेळती हवी. पत्रा स्वच्छ व चकचकीतहि राहिला पाहिजे; काजळी व धूळ यांनीं तो काळवंडला कीं त्याचा निम्मा गुण गेला. तसेंच अॅल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतें, हें ध्यानांत ठेवून मॅनिफोल्डच्या अगदीं अंगाशीं पोलादाचाच पत्रा वापरावा.

तिसरा उपाय वाऱ्याचा. रेडिएटरमधून आंत आलेल्या हवेला बाहेर जाण्यास वाट नसेल, तर ती कोंडते आणि तापते. घराला पुढचें दार असून मागील दार नसावें, तशी ही स्थिति. परंतु बाहेरची वाट कोठें ठेवावी याचें शास्त्र आहे. कांहीं लोक बॉनेटची मागची कड बिजागरीखालीं चकत्या घालून इंचभर उचलतात. मोटार उभी असतांना तेथून ऊन हवा वर निघते, आणि त्यांस आपली युक्ति साधली असें वाटतें. पण मोटार वेगांत आली कीं पुढच्या कांचेच्या पायथ्याशीं वारा आदळून हवेचा दाब वाढतो. मग त्या फटींतून हवा बाहेर जाण्याऐवजीं आंत शिरूं पाहते. फट पाडावयाची ती बॉनेटच्या पुढील भागांत, रेडिएटरच्या मागें, जेथें वरून वाहणाऱ्या वाऱ्याचा दाब कमी असतो तेथें. किंवा पुढच्या चाकाच्या मागें कुशींत. १९५४ सालच्या मर्सिडीज ‘३०० एस्. एल्.’ मोटारीच्या कुशींत माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी आहेत, त्या याच हेतूनें.

वारा आंत घेतांनाहि विवेक हवा. इंजिन जी हवा श्वासावाटे घेतें ती थंड असावी. ३० अंशांची हवा ६० अंशांवर गेली तर ती विरळ होते, आणि तेवढ्याच जागेंत सुमारें ९ टक्के कमी हवा मावते. हवा कमी, म्हणजे जळणारें पेट्रोल कमी, म्हणजे शक्ति कमी. बॉनेटखालची ऊन हवा पिणारें इंजिन आपल्याच उच्छ्वासानें गुदमरणाऱ्या मनुष्यासारखें होय.

चौथा उपाय अंतराचा. तो सर्वांत स्वस्त, पण सर्वांत अधिक विसरला जाणारा. ब्रेकची नळी चार बोटें दूर नेली, तारांची जुडी नळीच्या वरून न नेतां बाजूनें नेली, तर कित्येकदां पट्टीहि नको आणि पत्राहि नको.

आतांपर्यंत उष्णता हा केवळ शत्रु मानला. परंतु ती मित्रहि होऊं शकते. कोंकणांतील व देशावरील जुन्या चुलीला बाजूस एक वैल असे. मुख्य चुलीच्या वायां जाणाऱ्या आंचेवर वैलावरचा भात निवांत शिजे. मोटारीचा टर्बोचार्जर हा इंजिनाचा वैलच होय. स्वित्झर्लंडचे इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. वायां जाणाऱ्या वायूच्या जोरावर एक चक्र फिरवावयाचें, आणि त्या चक्रानें इंजिनांत अधिक हवा दाबून भरावयाची. १९७४ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत आलेल्या ‘पोर्श ९११ टर्बो’ मोटारीनें ही युक्ति स्पोर्ट्स मोटारींत लोकप्रिय केली. येथें उष्णता नळींत कोंडून ठेवण्यांत दुहेरी लाभ आहे, कारण वायु जितका तप्त तितका चक्राला जोर अधिक. पण वैल झाला तरी तो विस्तवच. चक्राच्या आंसाला इंजिनाचें तेल वंगण म्हणून मिळतें. वेगानें आलेली मोटार एकदम बंद केली, तर तापलेल्या आंसापाशीं अडकलेलें तेल करपून त्याचा कोळसा होतो. म्हणून जुन्या टर्बो मोटारी चालविणारे जाणते लोक इंजिन मिनिटभर मंद चालवून मगच बंद करितात. नंतरच्या अनेक मोटारींत या भागाभोंवतीं पाणी खेळविण्याची योजना झाली.

धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९७५ च्या सुमारास अमेरिकेंतील मोटारींत सार्वत्रिक होऊं लागला, तेव्हां या संसारांत आणखी एक उष्ण पाहुणा आला. तो २५० ते ३०० अंशांच्या खालीं कामच करीत नाहीं, म्हणून पुढें पुढें त्याला इंजिनाच्या जवळ जागा द्यावी लागली. एखाद्या सिलिंडरांत ठिणगी पडेनाशी झाली, तर न जळलेलें पेट्रोल या कन्व्हर्टरांत येऊन जळतें आणि तो लाल होईपर्यंत तापतो. अशी मोटार वाळल्या गवतावर उभी करणें म्हणजे गंजींत निखारा टाकणें होय.

मनुष्यानें या कामीं सोन्याचाहि उपयोग केला, ही गोष्ट ऐकून श्रोत्यांना कौतुक वाटेल. गॉर्डन मरे यांच्या कल्पनेंतून उतरलेली ‘मॅक्लॅरन एफ् १’ ही मोटार १९९२ सालीं मोनॅको येथें लोकांपुढें आली. एकंदर १०६ मोटारी बनल्या. बारा सिलिंडरांचें तिचें इंजिन बी. एम्. डब्ल्यू. कारखान्याचें असून तें चालकाच्या पाठीमागें बसविलें आहे. ६०० अश्वशक्तीहून अधिक त्याचा जोर. मोटारीचें सर्व अंग कार्बनच्या तंतूंचें. हे तंतु ताप सोसतात, पण त्यांना एकत्र बांधणारी राळ सोसत नाहीं. म्हणून इंजिनाच्या दालनाला आंतून सोन्याच्या पातळ वर्खाचें अस्तर दिलें. सोनें अदृश्य उष्ण किरणांपैकीं सुमारें ९८ टक्के परतवून लावतें, आणि तें काळवंडत नाहीं कीं गंजत नाहीं. याच गुणासाठीं २०२१ सालीं अंतराळांत गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या आरशांवर सोन्याचा लेप आहे. श्रीमंतांच्या मोटारींतील हें सोनें डौलासाठीं नसून गणिताच्या हिशोबानें आलेलें आहे. तें उघडें दिसत नाहीं, पण आपलें काम चोख करितें.

तथापि उत्तम साहित्य वापरलें म्हणजे सर्व झालें असें नव्हे. २०१० सालीं इटलीच्या फेरारी कारखान्याला याचा कडू अनुभव आला. त्याची ‘४५८ इटालिया’ ही नवी मोटार बाजारांत येऊन फार काळ झाला नव्हता, तोंच निरनिराळ्या देशांत तिला आगी लागल्याच्या वार्ता आल्या. शोध करितां असें आढळलें कीं, मागील चाकांच्या कमानींतील उष्णतारोधक भाग ज्या गोंदानें चिकटविला होता, तो गोंदच अति तापानें दगा देत होता. भाग आपल्या जागेवरून ढळे, तापे, आणि पेट घेई. ज्याला आगीपासून राखण्यास ठेवलें, तोच आगीचें कारण झाला. कुंपणानेंच शेत खाल्लें. कारखान्यानें त्या वेळेपर्यंत बनलेल्या १,२४८ मोटारी परत बोलाविल्या, आणि गोंदाच्या जागीं धातूच्या खिळ्यांची योजना केली. अब्जावधींच्या कारखान्याची, निष्णात इंजिनियरांची मोटार. आणि तिच्या नाशाला कारण झालें तें चिमूटभर गोंद. उष्णतेच्या कामांत पडदा जितका महत्त्वाचा, तितकाच पडद्याचा खिळाहि महत्त्वाचा, हा धडा त्यांतून मिळतो.

घरच्या घरीं जुनी स्पोर्ट्स मोटार सांभाळणाऱ्या हौशी मनुष्यानें यांतून काय घ्यावें? पहिली गोष्ट, उपायाच्या आधीं मोजमाप. ताप किती चढला तें दाखविणाऱ्या, रंग बदलणाऱ्या चिकटपट्ट्या मिळतात. त्या ब्रेकच्या नळीवर, तारांच्या जुडीवर, पेट्रोलच्या नळीजवळ लावून एक लांबचा प्रवास करावा, आणि मग कोणाला संरक्षण हवें तें ठरवावें. दुरून किरणांवरून ताप सांगणारें पिस्तुलासारखें यंत्रहि स्वस्त झालें आहे. पण चकचकीत धातूवर रोखलें असतां तें खोटा, फार कमी आंकडा सांगतें. लेस्लीच्या भांड्याचा धडा ज्यानें घेतला असेल त्याला याचें कारण सांगावें लागणार नाहीं. अशा धातूवर काळ्या रंगाचा एक ठिपका द्यावा आणि त्यावर यंत्र रोखावें.

दुसरी गोष्ट, दर ऋतूला बॉनेट उघडून हातानें व डोळ्यांनीं तपासणी. कडक झालेली पेट्रोलची रबरी नळी, तेलाचा ओघळ, ढिला झालेला पडदा, मॅनिफोल्डच्या जोडापाशीं दिसणारा काजळीचा डाग, यांपैकीं प्रत्येक खूण म्हणजे आगाऊ आलेलें पत्र होय. तें वाचून उत्तर दिलें पाहिजे. ब्रेकचें तेल दोन वर्षांनीं तरी बदलावें.

तिसरी गोष्ट, आग लागलीच तर काय करावें हें आधींच मनाशीं ठरवून ठेवावें. मोटार कडेला घ्यावी, इंजिन बंद करावें, सर्वांना उतरवून दूर न्यावें आणि मदत बोलवावी. धूर बॉनेटखालून येत असेल तर बॉनेट सताड उघडूं नये. उघडतांच ताजी हवा मिळून आग भडकते. आग विझविण्याचें नळकांडें मोटारींत चालकाच्या हाताशीं असावें, बॉनेटखालीं नव्हे. आणि आग आटोक्याबाहेर जात आहे असें दिसतांच मोटारीचा मोह सोडावा. मोटार पुन्हां बनते.

सारांश, बॉनेटखालचा अग्नि कोणास टाळतां येत नाहीं, कारण मोटार चालते ती त्याच्याच बळावर. त्याला वाट दिली, त्याच्या शेजाऱ्यांना ओट दिली, आणि त्याच्यावर लक्ष ठेवलें, तर तो वर्षानुवर्षें निमूटपणें सेवा करितो. घरांतील चुलीविषयीं आजी-पणजींना जें शहाणपण होतें, तेंच यंत्राच्या चुलीलाहि लागू आहे : विस्तव पेटविणें सोपें, तो नीट राखणें हेंच खरें कसब.